विश्लेषण : फोटो तुमचा, मग किंमत कोण ठरवणार?

‘भाऊ, तो वाघाचा फोटो पाठवा ना. कॅलेंडरवर घ्यायचा आहे. खाली तुमचं नाव टाकू.’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कॅमेरा हाताळणाऱ्यांना असा निरोप नवा नाही. फोटो पाठवला जातो, कॅलेंडर छापले जाते, वर्षभर ते दुकानांच्या भिंतींवर लटकते आणि ज्याने तो क्षण टिपला त्याच्या हाती कॅलेंडरची एक प्रत येते. पैसे मागावेत, तर किती? पाचशे सांगितले तर कमी वाटतात, पाच हजार सांगितले तर समोरचा फोन ठेवेल अशी धास्ती असते. गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावात राहून फोटो काढणाऱ्याने स्वतःच्या फोटोची किंमत ठरवायची कशी, कायदा त्याच्या बाजूने किती आणि घासाघीस करताना काय सोडावे, काय सोडू नये, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

गोंडपिपरी तालुक्याच्या आसपास फोटोंचा विषय कधी संपत नाही. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता सुरू होते, ती इथल्याच टापूत. राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिलेले सुमारे २६९ चौरस किलोमीटरचे कन्हाळगाव अभयारण्य याच परिसरात आहे. जिल्ह्यातच १,७२७ चौरस किलोमीटरचा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याच्या आधाराने हॉटेले, रिसॉर्ट, सहल कंपन्या, कॅलेंडर छापणारे अशा अनेकांचा व्यवसाय चालतो. या सगळ्यांना फोटो लागतात.

फोटो काढणारेही वाढले आहेत. पर्यटक सफारीपुरता येतो आणि परत जातो. इथे राहणाऱ्याला मात्र पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, मोहफुले वेचायला बाया किती वाजता निघतात, तेंदूपानांचा फड कुठे लागतो, हे सगळे ठाऊक असते. हे ठाऊक असणे हेच त्याचे भांडवल आहे. पण व्यवहाराची वेळ आली की किंमत ठरवतो तो घेणारा.

ही रीत जुनी आहे. देशातील पहिल्या महिला छायाचित्र पत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईत काम सुरू केले, तेव्हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंना प्रत्येकी एक रुपया मिळाला होता. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचे फोटो बराच काळ पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध होत. पुढे, २०११ मध्ये, त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण सुरुवातीच्या त्या वर्षांत दर छापणाऱ्याचा होता आणि नावही दुसऱ्याचे होते.

फोटो विकणे म्हणजे नेमके काय विकणे?

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. फोटोची फाइल पाठवली म्हणजे फोटो विकला, असा समज असतो. प्रत्यक्षात विकल्या जातात त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आणि तिन्हींचे भाव वेगळे असतात.

पहिली, वापरण्याची परवानगी. कॅलेंडर, फलक, संकेतस्थळ, पुस्तक यांत फोटो छापण्याची मुभा ठरावीक कामासाठी आणि ठरावीक काळासाठी दिली जाते. फोटो छायाचित्रकाराचाच राहतो. तोच फोटो तो उद्या दुसऱ्यालाही देऊ शकतो.

दुसरी, छापील प्रत. कोणी घरात किंवा कार्यालयात लावायला फ्रेम केलेला फोटो घेतो, तेव्हा त्याला ती एक वस्तू मिळते. त्या वस्तूबरोबर फोटो पुन्हा छापण्याचा किंवा जाहिरातीत वापरण्याचा हक्क जात नाही.

तिसरी, संपूर्ण स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट. तो दिला की छायाचित्रकाराला स्वतःचा फोटोही विकता येत नाही. त्यामुळे याची किंमत सर्वाधिक असायला हवी आणि तो देण्यापूर्वी दहा वेळा विचार करायला हवा.

शेत बटईने देणे आणि शेताचे खरेदीखत करून देणे यांत जो फरक आहे, तोच परवानगी आणि स्वामित्वहक्क यांत आहे. ‘फोटो पाठवा’ या दोन शब्दांत घेणारा यापैकी नेमके काय मागतो आहे, हे विचारल्याशिवाय किंमत सांगता येत नाही.

कायद्याने फोटो कोणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो ही कलाकृती आहे आणि तो काढणारी व्यक्ती त्याची कर्ता. कॅमेरा कोणाच्या मालकीचा होता, याला महत्त्व नाही. मित्राचा कॅमेरा घेऊन काढलेला फोटोही काढणाऱ्याचाच. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण हक्क मिळण्यासाठी ती सक्तीची नाही. फोटो काढला, त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज काढलेला फोटो नातवंडांनाही उत्पन्न देऊ शकतो.

मात्र या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. लग्नाचे फोटो हे याचे नेहमीचे उदाहरण. नवरीचा सुंदर फोटो आला म्हणून छायाचित्रकार तो साडीच्या दुकानाला विकू शकत नाही. झाडीपट्टीच्या नाटक मंडळीने पैसे देऊन फलकासाठी नटांचे फोटो काढून घेतले, तरी हाच नियम. असे काम घेताना ‘हक्क माझ्याकडे राहतील, तुम्हाला अमुक वापराची परवानगी’ असे आधी लिहून घेतले, तरच चित्र बदलते.

दुसरा अपवाद नोकरीचा. वृत्तपत्राच्या पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो छापण्याचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. शासकीय सेवेत कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क शासनाचा. पण तालुक्याचा वार्ताहर पगारी नोकर नसेल आणि त्याने तसा कागद लिहून दिलेला नसेल, तर त्याने स्वतःहून काढलेला फोटो त्याचाच असतो.

आणि नाव? फोटोचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ ने दिलेलाच आहे. स्वामित्वहक्क विकल्यानंतरही तो शिल्लक राहतो. त्यामुळे ‘खाली नाव टाकू’ हा मोबदला ठरत नाही. जे आधीच छायाचित्रकाराचे आहे, तेच त्याला देऊ केले जाते.

आधी आपला खर्च कसा काढायचा?

किंमत ठरवण्याची सुरुवात वहीत जमाखर्च मांडून करावी. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे भरावेत.

समजा, कॅमेरा आणि लेन्स मिळून २ लाख ४० हजारांना पडले आणि ते पाच वर्षे चालतील. म्हणजे वर्षाला ४८ हजार. वर्षातून ६० दिवस रानात जाणे होते, दिवसाला पेट्रोल व वरखर्च ४०० रुपये धरला, तर २४ हजार. सफारी व प्रवेशशुल्क १८ हजार. संगणक, हार्ड डिस्क, इंटरनेट आणि दुरुस्ती १८ हजार. एकूण खर्च १ लाख ८ हजार रुपये.

यात स्वतःची मजुरी अजून आलेलीच नाही आणि बहुतेक जण ती धरतच नाहीत. रानातले ६० दिवस आणि फोटो निवडणे, सुधारणे, पाठवणे यांत गेलेले ४० दिवस, असे १०० दिवस. दिवसाचे ८०० रुपये धरले तर ८० हजार. आता बेरीज होते १ लाख ८८ हजार.

या रकमेला वर्षभरात काढलेल्या फोटोंच्या संख्येने भागायचे नाही. वर्षात दहा हजार फोटो निघतील, पण त्यांतले विकले किती जातात, हे महत्त्वाचे. वर्षाला ८० वेळा परवानगी दिली जात असेल, तर प्रत्येकीमागे सरासरी २,३५० रुपये मिळायला हवेत. ४० वेळाच दिली जात असेल, तर ४,७०० रुपये. हा आकडा हाती आला की ‘पाचशे सांगू की पाच हजार’ हा गोंधळ बराच निवळतो.

मग प्रत्येकाला हाच दर सांगायचा का?

नाही. हा आकडा सरासरीचा आहे. गावातल्या शाळेची स्मरणिका २,३५० रुपये देऊ शकणार नाही आणि मोठ्या रिसॉर्टला एवढ्यातच फोटो देणे म्हणजे स्वतःचे नुकसान. छोट्या वापराचे कमी आणि मोठ्या वापराचे जास्त घेऊन सरासरी साधायची असते.

वरच्याच उदाहरणात ८० परवानग्यांपैकी ५० छोट्या, प्रत्येकी ८०० रुपयांच्या, म्हणजे ४० हजार. २२ मध्यम, प्रत्येकी ३,५०० रुपयांच्या, म्हणजे ७७ हजार. आणि आठ मोठ्या, प्रत्येकी ९ हजारांच्या, म्हणजे ७२ हजार. एकूण १ लाख ८९ हजार. वर्षाचा हिशेब जुळला.

आता त्या आठ मोठ्या परवानग्या ‘ओळख आहे’ म्हणून फुकट दिल्या, तर काय होईल? उत्पन्नातले ७२ हजार, म्हणजे पाच भागांतले जवळपास दोन भाग, एका झटक्यात गेले. ते भरून काढायला ८०० रुपयांची आणखी ९० कामे शोधावी लागतील. शाळेच्या स्मरणिकेला फुकट फोटो दिल्याने छायाचित्रकार बुडत नाही. ज्याची ऐपत आहे आणि जो त्या फोटोवर धंदा करणार आहे, त्याला फुकट दिल्याने बुडतो.

कोणता वापर छोटा आणि कोणता मोठा, हे पाच प्रश्नांनी कळते. फोटो कुठे वापरणार? किती प्रती छापणार किंवा किती ठिकाणी लावणार? किती काळ? कोणत्या भागात, फक्त जिल्ह्यात की देशभर? आणि हा फोटो फक्त त्यांनाच हवा आहे, की इतरांनाही दिलेला चालेल? बातमीसोबत एकदा छापणे हा छोटा वापर. रस्त्याकडेचा मोठा फलक, मालाचे वेष्टन, रिसॉर्टच्या संकेतस्थळाचे पहिले पान हे मोठे वापर. ‘दुसऱ्या कोणाला देऊ नका’ अशी अट असेल तर त्या काळात इतरांकडून येऊ शकणारे पैसे बुडतात, म्हणून त्याचे वेगळे पैसे लावायला हवेत.

घासाघीस होणारच. तिथे एक साधा नियम उपयोगी पडतो : किंमत कमी करायची तर वापरही कमी करायचा. ‘नऊ हजार जास्त होतात’ असे समोरच्याने म्हटले, तर ‘मग तीन वर्षांऐवजी एका वर्षासाठी घ्या’ किंवा ‘फलक सोडून फक्त संकेतस्थळावर वापरा, पाच हजारांत देतो’ असे म्हणता येते. तेवढ्याच वापराची किंमत नुसती खाली आणली, तर पहिला आकडा उगाच सांगितला होता असा अर्थ निघतो आणि पुढच्या वेळी घासाघीस तिथूनच सुरू होते.

फ्रेम केलेल्या फोटोचा हिशेब वेगळा कसा?

छापील प्रतीत साहित्याचा खर्च आधी येतो. समजा, छपाई ४००, फ्रेम ९००, बांधणी आणि कुरिअर ३०० असे १,६०० रुपये झाले. त्यात फोटोचे म्हणून २,३५० धरले, तर छायाचित्रकाराच्या हाती ३,९५० रुपये यायला हवेत. घरून थेट विक्री असेल तर हिशेब इथे संपतो.

पण प्रत एखाद्या कलादालनात किंवा रिसॉर्टच्या दुकानात ठेवली आणि त्यांचे कमिशन ४० टक्के असेल, तर अनेकांचा हिशेब चुकतो. ३,९५० वर ४० टक्के चढवून ५,५३० ही किंमत लावली जाते. दुकानदार मात्र विक्रीच्या रकमेवर, म्हणजे ५,५३० वर, ४० टक्के कापतो. ते होतात २,२१२. हाती उरतात ३,३१८, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे ६३२ रुपये कमी. बरोबर रीत अशी की हव्या असलेल्या रकमेला उरणाऱ्या भागाने, इथे ०.६० ने, भागायचे. ३,९५० भागिले ०.६० म्हणजे सुमारे ६,६०० रुपये. तीच लेबलवरची किंमत. घरून विकतानाही हीच किंमत ठेवलेली बरी, नाहीतर दुकानदार पुन्हा माल ठेवून घेत नाही.

प्रतींची संख्या मर्यादित ठेवली तर भाव वाढतो. आंद्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराच्या ‘ऱ्हाईन २’ या फोटोची एक प्रत नोव्हेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावात ४३ लाख डॉलरना गेली. त्या फोटोच्या प्रती सहाच होत्या. तो बाजार निराळा आहे, पण तत्त्व गोंडपिपरीतही लागू पडते. ‘दहाच प्रती’ असे सांगून प्रत्येकीवर क्रमांक आणि सही केली, तर ग्राहक जास्त मोजतो. अकरावी प्रत निघाली की विश्वास गेला आणि भावही.

स्टॉक फोटोंच्या संकेतस्थळांवर टाकले तर?

तिथे किंमत छायाचित्रकार ठरवत नाही. शटरस्टॉकने जून २०२० पासून छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के असा पायऱ्यांनी ठेवला. वर्षभरात जितके फोटो उतरवले जातील तशी पायरी वर जाते आणि १ जानेवारीला पुन्हा खालून सुरुवात होते. एका डाउनलोडमागे किमान मिळकत १० सेंट, म्हणजे नऊ रुपयांच्या आसपास. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोंसाठी ३३ टक्के वाटा देते.

वरच्या उदाहरणातले २,३५० रुपये नऊ-नऊ रुपयांनी जमवायचे, तर एकच फोटो सुमारे २६० वेळा उतरवला जावा लागेल. ज्यांच्याकडे हजारो सर्वसाधारण फोटो आहेत, त्यांना हे परवडते. वर्षाकाठी हाती लागणारे मोजके उत्तम फोटो तिथे टाकण्यापूर्वी एक लक्षात ठेवावे. दहा सेंटला मिळणारा फोटो रिसॉर्टवाला नऊ हजारांना का घेईल? सामान्य फोटो तिथे, निवडक फोटो स्वतःकडे, अशी विभागणी करता येते.

वाघाच्या फोटोलाच जास्त भाव असतो का?

ताडोबात एका वाघासमोर अनेक जिप्सी उभ्या असतात आणि प्रत्येकीत कॅमेरे. त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचे फोटो भरपूर आहेत. जे भरपूर असते त्याला भाव कमी. वेगळे वागणे टिपले गेले तरच वाघाचा फोटो वेगळा ठरतो. ताडोबाच्या बफर क्षेत्रात पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेणारा वाघ फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातल्या मोबाइलवर पोहोचला, तो त्यामुळेच.

याउलट प्राणहितेचा संगम, धाब्याच्या कोंडय्या महाराजांची यात्रा, बांबूकाम, धानाची रोवणी, मोहफुलांचा हंगाम, झाडीपट्टीच्या नाटकाची रात्र किंवा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालेले ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ यांचे चांगले फोटो शोधायला गेले तर मोजकेच सापडतात. पाठ्यपुस्तके, संशोधन अहवाल, माहितीपट यांना नेमके हेच लागतात. असे विषय ऋतूनुसार, तारीख आणि ठिकाणाच्या नोंदीसह वर्षानुवर्षे टिपणाऱ्याकडे जो संग्रह तयार होतो, तो बाहेरून दोन दिवसांसाठी येणाऱ्याला उभा करता येत नाही.

अस्सलपणालाही आता किंमत आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहात वाघाने माणसावर झडप घातल्याचा व्हिडिओ पसरला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला निघाला. अशा काळात कॅमेऱ्यातली मूळ, न सुधारलेली फाइल जपून ठेवणारा छायाचित्रकार ‘हे खरोखर घडले’ असे दाखवून देऊ शकतो. परवानगी देताना ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापर नाही’ ही ओळही घालावी. तो वापर हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे.

जंगलाचे नियम मात्र किमतीच्या वर आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी जायला परवानगी लागते आणि प्राण्यांना किंवा त्यांच्या अधिवासाला बाधा आणता येत नाही. घरट्याजवळ जाऊन किंवा आमिष दाखवून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी तो विकण्याजोगा नाही.

फोटोतल्या माणसाचे काय?

मोहफुले वेचणारी आजी, यात्रेतला नाचणारा तरुण, माडिया मुलीचा हसरा चेहरा. असे फोटो विकले जातात, पण त्यांत दिसणाऱ्यांना बहुतेकदा त्याचा पत्ताही नसतो. छायाचित्रकार फुकट वापराबद्दल तक्रार करतो, तीच तक्रार त्या आजीलाही करता येईल.

बातमीसाठी आणि जाहिरातीसाठी वापर यांत फरक आहे. कोणाचा चेहरा मालाच्या किंवा रिसॉर्टच्या जाहिरातीत जाणार असेल, तर लेखी संमती घेतलीच पाहिजे. लहान मुलांबाबत ती पालकांची हवी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. वाचता न येणाऱ्याला त्याच्या बोलीत, गोंडी असो की माडिया, फोटो कुठे लागणार हे समजावून सांगावे आणि मोठ्या वापराच्या पैशांतला वाटा द्यावा. मोठे खरेदीदार अशा संमतीपत्राशिवाय माणसांचे फोटो जाहिरातीसाठी घेत नाहीत. म्हणजे तो कागद नसेल तर फोटोची किंमतही कमी होते.

कागदावर काय असावे?

वकिली भाषेची गरज नाही. फोटोचा क्रमांक, वापर कुठे, किती प्रती, किती काळ, कोणत्या भागात, इतरांना देता येईल की नाही, रक्कम किती, केव्हा मिळणार आणि नाव कसे छापायचे, एवढ्या नऊ गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. ‘एका वर्षासाठी’ हे दोन शब्द लिहायचे राहिले, तर चार वर्षांचे पैसे जातात.

पैसे येईपर्यंत मोठी फाइल देऊ नये. पसंतीसाठी नावाचा शिक्का असलेली छोटी प्रत पुरते. स्पर्धांच्या अटीही नीट वाचाव्यात. बक्षीस एकालाच मिळते, पण काही ठिकाणी आलेल्या सगळ्याच फोटोंच्या वापराचा हक्क आयोजक आपल्याकडे घेतात.

कराचे म्हणाल, तर सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. प्रकाशकाला फोटो वापरण्याची परवानगी दिली, तर त्यावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी प्रकाशकावर असते. कंपनीने रकमेतून उगमस्थानी कर कापला, तर तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराची पावती ठेवावी.

न विचारताच वापरला तर?

आधी पुरावा : फलकाचा किंवा संकेतस्थळाचा तारखेसह फोटो आणि आपली मूळ फाइल. मग भांडणाऐवजी थेट बिल पाठवावे. झालेल्या वापराचा दर लावून आणि मुदत देऊन. अनेक प्रकरणे इथेच मिटू शकतात. न मिटल्यास कॉपीराइट कायद्यात मनाई आदेश आणि नुकसानभरपाई मागण्याची सोय आहे. कलम ६२ नुसार छायाचित्रकाराला तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. वापरणारी कंपनी मुंबईची असली, तरी गोंडपिपरीच्या छायाचित्रकाराला चंद्रपुरात दाद मागता येते. तिथे नुकसान किती झाले हे सांगताना आधीच्या पावत्या कामी येतात. आजवर सगळे फुकटच दिले असेल, तर फोटोची किंमत काय होती हे पटवून देणे अवघड जाते.

फुकट कधीच देऊ नये का?

तसे नाही. गावच्या शाळेला, वनहक्काच्या दाव्याला, वणव्याविरुद्धच्या जनजागृतीला फोटो द्यावासा वाटला तर जरूर द्यावा. पण तेव्हाही कागदावर नेहमीचा दर लिहावा आणि त्याखाली ‘संपूर्ण सवलत’ असे लिहावे. घेणाऱ्याला कळते की हजारो रुपयांची गोष्ट आपल्याला भेट मिळाली आहे आणि पुढच्या वर्षी तोच माणूस रिसॉर्टसाठी फोटो मागायला आला, तर दर नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

कॅलेंडरच्या त्या निरोपाला उत्तर देणे मग फारसे कठीण उरत नाही. ‘हो, पाठवतो. किती प्रती छापताय आणि फक्त कॅलेंडरच ना? कळवा, म्हणजे दर सांगतो.’ समोरचा काही वेळ गप्प राहील. एखादा उत्तरच देणार नाही. पण जो प्रतींचा आकडा कळवेल, तो ग्राहक असेल.